हळदीची प्रत ठरवणारा कोड कुणाला दिसणार?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. काटकोनात टाकलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांतून धावणारा लेसर, आणि प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी लहान हालचाल टिपण्याची तयारी. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2016 मध्ये प्रकल्पाला तत्त्वतः होकार दिला आणि एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. जिल्ह्यात या प्रकल्पाबद्दल बोलणे होते ते जमीन, रस्ते आणि रोजगार यांच्याभोवती. पण इथल्या तरुण उद्योजकांनी उचलावी अशी एक गोष्ट त्या चर्चेत येतच नाही. या मोजमापामागचा बराचसा संगणकीय कोड जगात कुणालाही वाचता येतो.

गुरुत्वीय लहरींची पहिली नोंद झाली 14 सप्टेंबर 2015 ला आणि ती जाहीर झाली 11 फेब्रुवारी 2016 ला. घोषणेच्याच दिवशी त्या घटनेचा डेटा आणि तो कसा तपासायचा हे दाखवणारा कोड इंटरनेटवर ठेवण्यात आला. 2017 मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी तोच डेटा घेऊन जाहीर शंका काढली: अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांच्या गोंगाटातच परस्परसंबंध दिसतो, मग या विश्लेषणावर कितपत विसंबायचे? वाद झाला. वेगवेगळ्या गटांनी आपापल्या पद्धतीने गणित पुन्हा केले आणि शोध टिकला. त्यानंतर प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीतल्या संशोधकांनी याच खुल्या डेटातून आणखी काही घटना शोधून मांडल्या. म्हणजे शंका घेणाऱ्याला सगळे साहित्य हातात दिल्याने शोधाचे वजन कमी झाले नाही, उलट वाढले.

आता त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या मोजमापाकडे येऊ.

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतच्या बाजारात हळदीचे बीट, म्हणजे लिलाव, होते. शेजारच्या जिल्ह्यांतूनही माल येतो. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लांब कांडी वेगळी, गोल गट्टू वेगळा, रंग, चकाकी, ओलावा, किडका माल असे पाहून भाव ठरतो. हा व्यवहार सोपा करणारे सॉफ्टवेअर आज ना उद्या या बाजारात येणारच. समजा, नांदेडच्या एसजीजीएस अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांनी वसमतला एक खोली घेऊन असे अॅप बनवले. फोनच्या कॅमेऱ्याने कांडीचा फोटो काढायचा, ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा ब्लूटूथने घ्यायचा, अॅपने प्रत सांगायची आणि शेतकऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर हिशेबपट्टी पाठवायची. पहिल्या काही आठवड्यांतच या मंडळींसमोर प्रश्न उभा राहील: आपला सोर्स कोड लोकांसमोर ठेवायचा की कुलपात?

सल्ला देणारे बहुतेक जण एकच गोष्ट सांगतील. कोड दाखवू नका, पुण्या-बेंगळुरूची मोठी कंपनी महिन्याभरात उचलून नेईल. ही भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या वेळची आहे. नव्या कंपनीचा कोड चोरायला कुणी टपलेले नसते, कारण त्या कोडला अजून गिऱ्हाईकच नसते. सुरुवातीच्या काळात स्टार्टअप बुडतात ते मुख्यतः लोकांनी वापरले नाही म्हणून. अनोळखी पोरांच्या अॅपवर बाजार समितीने, शेतकरी उत्पादक कंपनीने आणि शेतकऱ्याने विश्वास का ठेवावा, हा खरा अडसर असतो. त्यावर खुला कोड हा हाताशी असलेल्या मोजक्या उपायांपैकी एक आहे आणि त्याला भांडवल लागत नाही.

महाराष्ट्रात याचे ठसठशीत उदाहरण मुंबईत आहे. ऋषभ मेहता यांच्या कौटुंबिक फर्निचर व्यवसायात ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब असे सगळे एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रयत्न फसला. तेव्हा मेहता स्वतः प्रोग्रॅमिंग शिकले आणि 2008 मध्ये कंपनी सुरू केली. त्यातून ‘ईआरपीनेक्स्ट’ आले. उत्पादन अजून कच्चे असताना, नाव कुणाला माहीत नसताना त्यांनी सुरुवातीच्या वर्षांतच कोड खुला केला. आज ही कंपनी ‘फ्रॅपे’ या नावाने ओळखली जाते. तिचे सॉफ्टवेअर कुणीही फुकट उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकतो. कंपनीला पैसे मिळतात ते सर्व्हर सांभाळण्याचे, आधाराचे, हमीचे. इतर कित्येक छोट्या कंपन्या याच सॉफ्टवेअरवर स्वतःचा धंदा करतात. मोठ्या कंपनीने कोड उचलून फ्रॅपेला संपवले, असे घडलेले नाही. पुढे शेअर दलालीतल्या ‘झिरोधा’ने हे सॉफ्टवेअर वापरले आणि तिच्या ‘रेनमॅटर’ या निधीने फ्रॅपेत गुंतवणूकही केली. त्याच झिरोधाने ऑक्टोबर 2024 मध्ये जगभरच्या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

दुसरे उदाहरण दूरच्या युक्रेनचे, पण मराठवाड्यातल्या माणसाला ते जवळचे वाटेल. दिमित्री झापोरोझेत्स यांनी 2011 मध्ये ‘गिटलॅब’ हे कोडवर एकत्र काम करण्याचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले तेव्हा त्यांच्या घरी नळाचे पाणी येत नव्हते. त्यांना त्याहूनही जास्त त्रास होत होता तो एकत्र काम करायला चांगले साधन नसल्याचा. त्यांनी कोड पहिल्यापासून खुला ठेवला, अनोळखी लोकांनी सुधारणा पाठवल्या. नेदरलँड्सच्या सिट्सा सायब्रँडी यांना 2012 मध्ये तो इंटरनेटवर दिसला म्हणून ते त्यात आले. ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅकवर नोंदली गेली. राजधानीपासून, गुंतवणूकदारांपासून लांब बसलेल्या माणसाचे काम जगाला दिसावे यासाठी त्याच्याजवळ दुसरा कोणता रस्ता होता?

इथे कायद्याबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. कोड उघडा केला म्हणजे मालकी गेली, असे होत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोडतो. लिहिला त्या क्षणापासून हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याला नेमणाऱ्या कंपनीचा. उलट, पेटंटच्या कायद्यातले कलम 3(के) निव्वळ संगणकीय प्रोग्रॅमला पेटंट नाकारते. त्यामुळे कोड लपवून पुढे पेटंट घेऊ, हा बेत बहुतेकांच्या बाबतीत मुळातच तकलादू असतो. कोड खुला करताना मालक फक्त परवाना देतो आणि अटी तोच ठरवतो. एमआयटी परवाना दिला तर कुणीही काहीही करावे, नाव तेवढे ठेवावे. जीपीएल दिला तर बदललेले सॉफ्टवेअर वाटणाऱ्याने आपला बदलही खुला ठेवायचा. एजीपीएलमध्ये तर नुसती इंटरनेटवरून सेवा देणाऱ्यालाही ही अट लागू होते. मोठ्या कंपनीची ज्यांना धास्ती आहे, त्यांनी एजीपीएलचा मसुदा एकदा वकिलासोबत बसून वाचावा. गिटहबसारख्या संकेतस्थळावर कोड टाकून परवान्याची फाइलच न ठेवणे हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. मग कोड सगळ्यांना दिसतो, पण वापरण्याचा हक्क कुणालाच नसतो आणि मदत करू पाहणारा माणूसही हात आखडता घेतो.

खरी धोक्याची जागा पुढे आहे, यश आल्यानंतरची. ‘इलास्टिक’ या कंपनीचे शोध घेणारे सॉफ्टवेअर खुले होते. अॅमेझॉनने 2015 पासून त्याची सेवा स्वतःच्या क्लाउडवर विकायला सुरुवात केली. चिडलेल्या इलास्टिकने जानेवारी 2021 मध्ये परवाना बदलून दार अर्धे ओढून घेतले. अॅमेझॉनने जुन्या खुल्या आवृत्तीवरून ‘ओपनसर्च’ नावाचे वेगळे सॉफ्टवेअर काढले, वापरणाऱ्यांची विभागणी झाली, आणि 2024 मध्ये इलास्टिकने एजीपीएलचा पर्याय देऊन दार पुन्हा उघडले. ‘हॅशिकॉर्प’ने ऑगस्ट 2023 मध्ये ‘टेराफॉर्म’ या सॉफ्टवेअरचा परवाना आवळला, तर पुढच्याच महिन्यात त्याची ‘ओपनटोफू’ ही खुली शाखा लिनक्स फाउंडेशनच्या छायेखाली गेली. ज्यांनी या सॉफ्टवेअरवर आपला धंदा उभा केला होता, ज्यांनी रात्री जागून सुधारणा पाठवल्या होत्या, त्यांना वाटले की आपल्याला वापरून घेतले. गोष्ट कोड चोरीला गेल्याची नव्हती, दिलेला शब्द फिरवल्याची होती.

म्हणून लवकर की उशिरा, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की जे उघडायचे ते कायमचे उघडायची तयारी आहे का. प्रसिद्धीसाठी आज उघडायचे आणि गुंतवणूकदार आला की मिटायचे, असा विचार मनात असेल तर मुळात उघडूच नये. बंद सॉफ्टवेअर विकणे हाही सरळ धंदा आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण हळदीच्या अॅपच्या बाबतीत एका भागापुरता हा पर्याय मालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही. तो भाग म्हणजे हिशेब. समजा, अॅपमध्ये नियम आहे की ओलावा 10 टक्क्यांवर गेला तर जादा प्रत्येक टक्क्यामागे वजनात एक टक्का कपात. एका शेतकऱ्याची 20 क्विंटल हळद आहे, यंत्र 10.4 दाखवते. कोडमध्ये अपूर्णांक सोडून द्यायची ओळ असेल तर कपात शून्य. जसाच्या तसा आकडा धरला तर 8 किलो. वरच्या पूर्णांकाला नेणारी ओळ असेल तर 20 किलो. क्विंटलला 12,000 रुपये भाव धरला तर त्या एका ओळीने 2,400 रुपये इकडचे तिकडे होतात. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असायची गरजच नाही. प्रोग्रॅमिंगच्या भाषांत गोल करण्याच्या तीन-चार रीती असतात आणि घाईत कोणती तरी एक वापरली जाते. पट्टीवर फक्त शेवटचे वजन छापून येते. बीटातून घरी गेलेल्या शेतकऱ्याला ती ओळ कधीच दिसत नाही.

यार्डातला काटा असा चालत नाही. वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक तो ठरावीक मुदतीने तपासतात, शिक्का मारतात, आणि काट्याचा आकडा विकणारा आणि घेणारा दोघांना दिसावा लागतो. वजन मोजणाऱ्या लोखंडावर समाजाने एवढा पहारा ठेवला, तर त्या वजनातून कपात करणाऱ्या ओळीवर तो नको का? तो पहारा कोड उघडा असल्याशिवाय ठेवता येत नाही. कोड वाचणे प्रत्येक शेतकऱ्याला जमणार नाही हे खरे, पण त्याची गरजही नाही. नांदेडच्या महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातला एखादा संशोधक, पुण्यात नोकरीला असलेला शेतकऱ्याचा भाचा, यांतल्या कुणीही एकाने वाचला तरी पुरे. नील्स बोर इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी केले ते हेच.

तेव्हा मत स्पष्ट मांडायचे तर असे: वजन, प्रत, कपात आणि पैसे यांचे गणित करणारा भाग पहिल्या दिवसापासून खुला हवा. बाकीच्या भागांसाठी तारीख ठरवून दिली तरी चालेल, पण ती आधी आणि लेखी जाहीर हवी. ही रीतही लायगोकडून घेता येते. तिथे निरीक्षणांचा सगळा डेटा त्याच दिवशी बाहेर येत नाही. आधी काही महिने तो संघातल्या शास्त्रज्ञांकडे असतो आणि मग ठरलेल्या वेळापत्रकाने जगाला मिळतो. वेळापत्रक आधीच माहीत असल्याने कुणाची फसवणूक होत नाही. सॉफ्टवेअरच्या जगात ‘बिझनेस सोर्स लायसन्स’ हा परवाना असेच करतो: कोड वाचता येतो, स्पर्धकाला काही काळ वापरता येत नाही, आणि जास्तीत जास्त चार वर्षांनी ती आवृत्ती आपोआप खुली होते. फोटोवरून प्रत ओळखणारे मॉडेल तयार करायला ज्यांनी दोन हंगाम यार्डात उभे राहून हजारो फोटो गोळा केले, त्यांना तेवढी मुदत मागण्याचा पूर्ण हक्क आहे.

उशिरा आणि दबावाखाली उघडले तर काय होते, हे केंद्र सरकारच्या करोनाकाळातल्या ‘आरोग्य सेतू’ने दाखवले. अॅप 2 एप्रिल 2020 ला आले, कोट्यवधी फोनमध्ये गेले, माहिती कुठे जाते यावर टीका झाली आणि अँड्रॉइड आवृत्तीचा कोड 26 मे ला खुला झाला. सर्व्हरवरचा कोड त्या वेळी त्यात नव्हता. तोवर ज्यांच्या मनात शंका बसायची त्यांच्या ती बसून गेली होती.

उघडताना काय उघडू नये, हेही तितक्याच काटेकोरपणे ठरवायला हवे. शेतकऱ्याचे नाव, बँक खाते, गट नंबर, मोबाइल यांपैकी काहीही कोडसोबत जाता कामा नये. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हा साधा धर्म आहे. नवख्या टोळीकडून हमखास होणारी चूक वेगळीच असते. सुरुवातीला कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड थेट फाइलमध्ये लिहितो. दोन महिन्यांनी लक्षात येते, ओळ काढली जाते, आणि सगळ्यांना वाटते की काम झाले. पण कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असते. प्रकल्प खुला झाला की मागच्या नोंदी उघडून तो पासवर्ड कुणीही काढू शकतो आणि असे पासवर्ड शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात. खुला करण्याआधी सगळ्या किल्ल्या बदलायच्या आणि इतिहास स्वच्छ करायचा, नाहीतर नव्या कोऱ्या जागी पहिली नोंद टाकून सुरुवात करायची. पहिल्याच आठवड्यात उघडण्याचा हा मोठा फायदा आहे. लोक बघत आहेत हे माहीत असले की पासवर्ड फाइलमध्ये लिहिण्याची सवयच लागत नाही.

माणसांची किंमतही मोजावी लागते. कोड उघडला की फुकट माणसे मिळतात, हा समज चुकीचा आहे. आधी मिळतात ते प्रश्न, तक्रारी आणि मागण्या. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट घुसवल्याचे उघड झाले. एकटा, थकलेला देखभाल करणारा माणूस आणि त्याला मदतीच्या नावाखाली दोन वर्षे गळ घालणारा अनोळखी, असा तो प्रकार होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने कोड खोदला आणि चोरवाट सापडली. कोड खुला होता म्हणून सापडली हे जितके खरे, तितकेच हेही खरे की एकट्या माणसावर भार टाकला म्हणून ती घुसली. तीन जणांच्या टोळीने आठवड्यातला एक दिवस बाहेरच्यांच्या प्रश्नांसाठी ठेवता येईल का, हे आधी पाहावे. नसेल जमत तर कोड वाचायला खुला ठेवावा आणि बाहेरचे बदल सध्या घेत नाही असे पहिल्याच पानावर स्वच्छ लिहावे.

मराठी माणसाने बंद सॉफ्टवेअरची किंमत एकदा मोजलेली आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या काळात डीटीपीच्या प्रत्येक कंपनीची मराठी अक्षरांची मांडणी वेगळी होती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या जुन्या छापखान्यात त्या काळची स्मरणिकेची फाइल आज उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची गिचमिड दिसते. तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर, ते डोंगल मिळाले तरच वाचता येते. कितीतरी स्थानिक दिवाळी अंक, सहकारी संस्थांचे अहवाल असे अडकून पडले आहेत. याउलट मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’सारखे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने दिले. ती संस्था उद्या काहीही करो, त्या फॉन्टमधला मजकूर वाचायला कुणाची परवानगी लागणार नाही. हळदीच्या अॅपमध्ये दहा वर्षांच्या पट्ट्या साठल्या आणि कंपनी बंद पडली, तर उत्पादक कंपनीच्या हाती काय उरणार, हा प्रश्न करार करताना विचारायचा आहे.

तो विचारण्याची ताकद सरकारकडे आणि बाजार समित्यांकडे आहे. महाराष्ट्र सरकार स्टार्टअप सप्ताहातल्या विजेत्यांना कार्यादेश देते. सरकारी पैशाने घेतलेल्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याच्या मालाचे वजन, प्रत किंवा रक्कम ठरते, त्याचा हिशेबाचा कोड खुला असावा, एवढी एक अट त्या कार्यादेशात घालता येईल. हिंगोली आणि वसमतच्या बाजार समित्यांना तर मुंबईकडे बघण्याचीही गरज नाही. पुढच्या हंगामात कुणी अॅप घेऊन आले, की करारात तीन कलमे मागावीत: कपातीचे नियम आणि ते राबवणारा कोड जाहीर असेल, कंपनी बंद पडली तर संपूर्ण कोड समितीकडे येईल, आणि जुन्या पट्ट्या कोणत्याही साध्या तक्त्यात उतरवून मिळतील. जी टोळी पहिल्या दिवसापासून कोड उघडून बसली असेल, तिला या तिन्हींवर सही करायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.